ओढता पाय

बीडमध्ये आइस हॉकी म्हटलं की समोरचा माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग वर उन्हाकडे. वनिता ओव्हाळला याची इतकी सवय झाली होती की ती आता कुणाला काही सांगायलाच जात नसे. शाळेत ती पीटीची मॅडम होती, लोकांना तेवढं पुरत होतं. जानेवारीत मॅडम रजा टाकून लेहला जातात, हेही शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं जाऊन त्या नेमकं काय करतात, हे मात्र कुणी धड विचारलं नव्हतं. एका मास्तरांचा समज होता की त्या हवापालटाला जातात. येताना त्या सगळ्यांना जर्दाळू वाटत, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला होता.

ती जायची निवड करायला. देशाच्या मुलींच्या आइस हॉकीचा एक विकास संघ असतो. हा मुख्य संघ नव्हे. उद्या मुख्य संघात खेळू शकतील अशा मुली आजच हेरायच्या आणि त्यांना वर्षभर बर्फाजवळ ठेवून तयार करायचं, असं ते काम. मुली हेरणाऱ्या समितीत बर्फ न पडणाऱ्या राज्यांसाठी एक खुर्ची ठेवलेली होती आणि त्या खुर्चीत नेकनूरच्या कचरू ओव्हाळांची ही लेक बसत होती. कॉलेजात असताना ती चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायची. महाराष्ट्राचा बर्फावरचा संघ अशाच चाकावरच्या मुली गोळा करून पाठवला जाई. बर्फावर तिचे पाय ठरेनात, म्हणून तिला गोलकीपर केलं. ती तिथं जी उभी राहिली ती कित्येक वर्षं हललीच नाही.

वय चाळिशीच्या पुढं गेलं होतं. लग्न राहून गेलं होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं. वडील गेल्यावर आई मुक्ताबाई नेकनूरला भावाकडे राहायची. रविवारी वनिता एसटीनं जाई, आईचं डोकं विंचरून देई, जेवून परत येई. लेहला निघायच्या आधी आई दरवर्षी तेच विचारी.

"त्या बर्फात तुला ताप तर येत न्हाई?"

"न्हाई आई."

"मंग जा."

आईच्या दृष्टीनं आइस हॉकीचा विषय तेवढ्यात संपायचा. त्यात आईची चूक नव्हती. पण परतीच्या गाडीत वनिताला वाटे, आपण ज्या गोष्टीत रात्रंदिवस असतो, ती आपल्या माणसांपैकी एकालाही दिसत नाही.

त्या खेळाबद्दल बोलायला अख्ख्या जिल्ह्यात तिला एकच माणूस मिळालं होतं आणि ते माणूस अकरावीत शिकत होतं. अदिबा. बसस्टँडमागं मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या दस्तगीर मिस्त्रीची मुलगी. शाळेच्या मागं सिमेंटचं एक मैदान होतं. बास्केटबॉलसाठी बांधलं, पण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गवंड्यानं त्याला असा उतार दिला की चेंडू आपोआप कुंपणाच्या भिंतीशी जाऊन बसे. बास्केटबॉलवाल्यांनी नाद सोडला तसा वनितानं तिथं चाकांच्या स्केट्सवर मुलींचा वर्ग सुरू केला. अदिबा पहिल्या दिवशी आली ती वडिलांच्या खांद्यावर बसून. गोलाचे खांब दस्तगीरनंच जुने पाइप जोडून करून दिले होते.

त्या मैदानावर सुटणं सोपं आणि थांबणं अवघड होतं. खाली खरबरीत सिमेंट, पुढं भिंत. झटकन आडवं वळून थांबायला गेलं तर चाक सिमेंटात अडकून पोरगी तोंडावर पडे. म्हणून वनितानं आपल्या मुलींना एकच रीत शिकवली होती. डावा पाय मागं आडवा धरायचा आणि ओढत, घासत थांबायचं. बीडच्या मुलींच्या डाव्या स्केटची चाकं एका अंगानं झिजलेली असत. दस्तगीर दर महिन्याला ती काढून उलटी बसवून द्यायचा. भिंतीवर कुणी आपटत नव्हतं, त्यामुळे या रीतीत काही खोट आहे असं कुणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

इतर मुली दहावी आली की सुटत. अदिबा सुटली नाही. सकाळी वर्ग संपल्यावर दोघी पायरीवर बसत. अदिबा मोबाइलवर परदेशातले सामने लावी आणि "मॅडम, हिनं पास कावून न्हाई दिला?" असं विचारून डोकं खाई. वनिता वरवर कंटाळा दाखवायची. मनातून तिला या वादाची चहाइतकी सवय लागली होती. एकटेपणाची तिला कधी भीती नव्हती, कारण तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. अदिबा आली आणि ते बिघडलं.

त्या जानेवारीत चाचणीला आलेल्या मुलींत अदिबा होती. दोघी बीडहून एकत्र निघाल्या. दिल्लीला विमानात बसल्यावर वनिता म्हणाली, "उद्यापासून तू मला वळखत न्हाईस."

"आन तुमी मला?"

"मी बी न्हाई."

अदिबाला हसू आलं. पण तो शिबिराचा नियमच होता. निवड जाहीर होईपर्यंत समितीनं मुलींशी बोलायचं नाही, त्यांच्यात जेवायचं नाही. मुलींच्या पाठीवर नावाऐवजी नंबर. आणि आपल्या राज्यातल्या मुलीचा विषय निघाला की त्या सदस्यानं उठून खोलीबाहेर जायचं, चर्चा संपली की आत यायचं. हा नियम बनवताना वनितानंच सगळ्यांत जास्त आग्रह धरला होता. लेहच्या मुली जन्मल्यापासून बर्फावर असतात. खालच्या राज्यांतल्या मुली वशिल्यानं आल्या, असं कुणाला म्हणता येऊ नये, असं तिला वाटत होतं.

नियम आपल्यालाच नडतो तेव्हा कळतो. उंचीवरच्या विरळ हवेत पहिल्या दिवशी अदिबाचं डोकं ठणकू लागलं. जेवणघरात ती कपाळ धरून बसलेली वनिताला समितीच्या टेबलावरून दिसत होती. लसूण घातलेलं गरम सूप पी, आडवी हो, घाबरू नको, एवढंच सांगायचं होतं. ती ताटात मान घालून जेवत राहिली. नंतर वर पाहिलं तर अदिबा तिच्याकडेच बघत होती. वनितानं नजर खिडकीकडे वळवली. त्या घासाची चव तिला पुढं कित्येक दिवस आठवत होती.

बर्फावर मात्र पोरगी खुलली. काठी तिच्या हातात बोलायची. चेंडूऐवजी असते त्या रबरी चकतीवर नजर न ठेवता पास द्यायची आणि तो बरोबर जागी जायचा. कडेला उभी असलेली वनिता आनंदानं दोन पावलं पुढं सरकली. तेवढ्यात शिट्टी वाजली, सगळ्या मुली स्केट्सची दोन्ही पाती आडवी करून बर्फाचा भुगा उडवत जागच्या जागी थांबल्या आणि अदिबा डावा पाय मागं ओढत पुढं घसरत गेली. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. पास तिच्यामागून निघून जाई आणि तिचा पाय अजून घासतच असे.

वनितानं ते पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं ती गोलात उभी होती, त्यामुळे बर्फावर पळता पळता थांबायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. पोरीला ती शिकवणार तरी कुठून?

शेवटच्या दुपारी समिती बसली. अदिबाचा एकवीस नंबर निघाला तशी वनिता उठून बाहेर आली. व्हरांड्यात बुखारी, तिकडची लोखंडी शेगडी, पेटलेली होती, तिच्यावर हात धरून ती उभी राहिली. आतलं ऐकू येत नव्हतं. मनात एक विचार आला आणि तो तिनं झटकला नाही. नाव आलं नाही, तर परवा दोघी एकत्रच परत जातील. पोरगी रडेल, दोन दिवस जेवणार नाही. मग पुन्हा सकाळी मैदान, पायरी, मोबाइल, कावून पास न्हाई दिला. या विचारानं तिला बरं वाटलं. आणि बरं वाटतंय हे कळताच तिला स्वतःचा राग आला.

दार उघडलं. अध्यक्षा आंगमो स्वतः बाहेर आल्या होत्या. लडाखच्याच, पूर्वी देशासाठी खेळलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. "आत या," त्या हिंदीत म्हणाल्या. "एकच गोष्ट विचारायची आहे. तेवढंच सांगा आणि पुन्हा बाहेर जा."

वनिता आत जाऊन उभीच राहिली.

"एकवीस नंबरच्या डाव्या पायाला जुनी दुखापत आहे का? ती पाय ओढते. हात फार चांगले आहेत, पण दुखावलेली मुलगी आम्हाला घेता येत नाही."

नुसतं गप्प बसली असती तरी पोरगी बीडला परत आली असती. एखादं वर्ष थांबू द्या म्हटलं असतं, तर कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नसतं.

"पायाला काहीच झालेलं नाही," वनिता म्हणाली. "तो मी ओढायला शिकवलाय. आमच्याकडे सिमेंट आहे, उतार आहे आणि पुढं भिंत आहे. तिथं असंच थांबतात."

कोणी हसलं नाही. कोपऱ्यात बसलेले सैन्यातले निवृत्त सुभेदार पुढं वाकले. "मग ही सवय जाईल का?"

"माझ्याजवळ राहिली तर नाही जाणार."

"आणि इथं?"

"इथं जाईल. चलाख आहे. फक्त वर्षभर तिला चाकांवर पाय ठेवू देऊ नका. सुट्टीला घरी आली तरी नाही. सिमेंटवर आली की पाय पुन्हा तसाच ओढेल."

आंगमोंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ती तुमच्या मैदानावर परत येणार नाही, असं म्हणताय तुम्ही."

"हो."

"ठीक आहे. आता बाहेर जा."

संध्याकाळी नावं वाचली, त्यात अदिबाचं होतं. नियम सुटला आणि पोरगी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. हसत होती, रडत होती, मधेच अब्बाला फोन लावत होती. वनिता तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. पाय कुठून बिघडला आणि आत काय बोलणं झालं, यातलं तिनं काही सांगितलं नाही. परतीच्या विमानात शेजारची खुर्ची एका फौजी जवानाला मिळाली. तो दिल्लीपर्यंत झोपला.

बीडला पोचल्यावर ती आधी गॅरेजवर गेली. दस्तगीर चेन बसवत होता. त्यानं हात पुसले, स्टूल पुढं केलं, चहा सांगितला.

"लेकरू तिकडंच ऱ्हायलं मॅडम."

"व्हय दस्तगीरभाई."

"फोनवर लई खुश होती. तिची अम्मी रडती, मी तिला समजावतो. मला कोन समजावनार, ते मातर अजून ठरलेलं न्हाई." तो जरासा हसला. मग मागच्या फळीवरून त्यानं अदिबाच्या चाकांच्या स्केट्स काढल्या. ती गेल्यावर त्यानं त्या खोलून, धुऊन, नवीन चाकं घालून ठेवल्या होत्या. "सुट्टीत आली की लागतील म्हनून करून ठेवल्या. घिऊन जा तुमी. मैदानावरच ऱ्हाऊ द्या."

वनितानं त्या घेतल्या. त्यांचं आता काही काम नाही, हे त्याला सांगायला तिची जीभ रेटेना.

वर्ग चालू होता. लहान मुली येत, पडत, भांडत, आठ वाजले की पळत घरी जात. नंतर वनिता पायरीवर बसे. मोबाइलवर सामना लावून पाही. पास चुकला की तिचं तोंड शेजारी वळे आणि मग ती सामना बंद करी.

होळी झाल्यावर एका सकाळी, वर्गाला अजून वेळ होता, तेव्हा अदिबाचा फोन आला.

"मॅडम, काल थांबले. पाय न ओढता. दोन्ही पात्यांवर, जागच्या जागी. पुन्यांदा केलं तवा बी जमलं."

"लई झाक," वनिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"हितं म्हनतेत, आदीचं समदं इसर. मला वाईट वाटतं मॅडम. तुमी शिकवल्यालं हाय ते."

"इसर. त्याच्यासाठीच तर धाडलंय तुला."

"मी मे महिन्यात येनार हाय. आल्या आल्या मैदानावर येते. तुमाला करून दाखवते."

वनितानं मैदानाकडे पाहिलं. भिंतीजवळ एवढ्या वर्षांत सिमेंट घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

"अदिबा, मैदानावर येऊ नकोस."

"कावून?"

"तुझा पाय नवीन हाय. आपलं मैदान त्याला नडंल. घरी ये. मी जेवायला करते. तिथं काय काय झालं ते सांग मला."

पोरगी चलाख होती, तिला कळायला वेळ लागला नाही. "तुमी सांगितलंय का तसं तिकडं?" तिनं हळूच विचारलं.

"व्हय."

"बरं," अदिबा म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "जेवायला येते मी. अब्बाला बी आनते."

फोन ठेवून वनिता उठली. शाळेच्या खोलीतून तिनं अदिबाच्या स्केट्स आणल्या. पाय दोघींचा एकाच मापाचा होता. नवी चाकं तिनं बोटानं फिरवून पाहिली, दोरी आवळली आणि मैदानाच्या वरच्या टोकाला जाऊन स्वतःला उतारावर सोडलं. वारा कानाला लागला, भिंत जवळ आली. डावा पाय मागं आडवा गेला आणि सिमेंटवर घासत, आवाज करत, ती नेहमीच्या जागी थांबली. भिंतीला हात टेकून तिनं डावा पाय वर करून पाहिला. नव्या चाकांची एक कड झिजायला लागली होती.