आमच्या गच्चीवर मोजलेली हवा

घोटावड्यात आमचं किराणा दुकान आहे, आणि दुकानावरच घर. एका उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या, तर संध्याकाळी त्यांच्यावर काळी भुकटी. पलीकडच्या शेडमध्ये रबर-प्लॅस्टिकचा कचरा जाळतात हे सगळ्या गावाला माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. मी त्या कुरडया पिशवीत भरल्या आणि पुण्याला सरकारी कचेरीत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

बऱ्याच खेपा घातल्यावर खात्याची माणसं हवा मोजायचं यंत्र घेऊन आली. आमची गच्ची चारी बाजूंनी मोकळी, म्हणून तिथेच बसवलं. ते हवा आत ओढायचं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ साठायची. पहिलाच कागद चुलीतल्या राखेसारखा निघाला.

शेजारच्या काकांना हे खपलं नाही. त्यांच्या खोल्या भाड्याने आणि उरलेली जमीन विकायला काढलेली. दुकानात येऊन म्हणाले, "भाभी, हितली हवा खराब हाय असं पेपरात आलं तर प्लॉट कोन घेनार? पुन्याची गिऱ्हाइकं अर्ध्या वाटंत, सूसवरनंच माघारी जातील. गावात ऱ्हायचंय का न्हाई तुमाला?"

"काका, आमच्या चार पिढ्या हितल्याच कब्रस्तानात हायेत," मी म्हटलं. "मी कुटं जानार?"

त्यांनी आमच्याकडचं सामान बंद केलं. त्यांचं बघून आणखी काही घरांनी केलं. आमचे हे हळूच म्हणाले, "यंत्र काढायला सांगू या का?"

"तुम्ही दुकान बघा," मी म्हटलं, "गच्ची मी बघते."

मग एका दुपारी टेंपो आला. सोबत नवे साहेब. "यंत्र धरणाकडे हलवायचंय," म्हणाले.

"तिथं धूर कुठाय?"

"हवा तिथलीही मोजावी लागते, बाई."

"मोजा की. दुसरं लावा. हे इथंच राहील." मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"सरकारी वस्तू आहे ही."

"गच्ची माझी आहे. का नेताय ते लिहून द्या, लगेच कुलूप काढते."

ते फोनवर बोलत बाहेर गेले, आत आले, पुन्हा गेले. लिहून द्यायला कोणी तयार होईना. तेवढ्यात काकांची सून कडेवर लेकरू घेऊन आली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसली.

"ह्याला रोज वाफ द्यावी लागतीया," ती साहेबांना म्हणाली. "आमाला वलांडून न्यायचं आसंल तर न्या."

काका दारात उभे राहून बघत होते. तिला घरी बोलवायचं धाडस त्यांना झालं नाही. टेंपो रिकामाच गेला.

पावसाळा सरल्यावर, त्या काळ्या कागदांच्या नोंदींवरून शेडला टाळं लागलं. पुढे ती उघडली, पण जाळणं थांबलं. कागद अजूनही पांढरा निघत नाही, रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर आहेच. काका सामान पिरंगुटहून आणतात. सून आमच्याकडूनच नेते, त्यांच्यासमोर.

परवा खात्याचा माणूस कागद बदलायला आला होता. म्हणाला, "या यंत्राच्या घरघरीचा त्रास होत असेल ना तुम्हाला?"

"होतो," मी म्हटलं. "आता रस्त्याच्या बाजूलाही एक बसवा."