महाल पूर्ण आला पाहिजे

कुणी नवा कॅमेरा घेतला की मला विचारतं, सुरुवात कशी करू? मी म्हणते, जवळ जा. आणखी जवळ. लोक हिरमुसतात, त्यांना लेन्सबद्दल काहीतरी भारी ऐकायचं असतं. त्याला मी काय करू?

बाबा विमा कंपनीत अधिकारी. त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी शाळेत होते. आम्ही तिथल्या सोडाला भागात राहायचो. बाबांनी मोठ्या हौसेनं कॅमेरा घेतला. फोटो साताऱ्याला काकांकडे जायचे, म्हणून बाबांचा एकच हट्ट : महाल पूर्ण आला पाहिजे. हवामहालासमोर आईला उभी करायचे आणि स्वतः मागे मागे सरकत पार रस्त्यापलीकडे जायचे. उंटगाडीवाला ओरडायचा, "बाबूजी, मरोगे क्या!" इकडून आई पदर सावरत हाका मारायची, "अहो, जवळ या ना! मी दिसेन तरी का?" बाबा हातानंच तिला गप्प करायचे. आमेरलाही तेच, जलमहालापाशीही तेच. धुऊन आलेले फोटो बघून आई म्हणायची, "यातली मुंगी म्हणजे मी, होय ना?" आम्ही खो खो हसायचो. बाबासुद्धा.

एका हिवाळ्यात आईला ताप आला काय आणि बघता बघता ती गेली काय. काही सुचायच्या आत सगळं आटोपलं होतं.

तेराव्याला गावाकडची माणसं येणार, भिंतीवर फोटो हवा. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली आणि चेहऱ्यावर मुंडावळ्या. बाकी सगळ्यांत महाल, खिडकी न् खिडकी लखलखीत. बाबा निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेले, मीही बरोबर होते. "भैया, बस चेहरा बडा कर दो." स्टुडिओवाल्यानं बिचाऱ्यानं सांगून पाहिलं, इतकं मोठं केलं तर नुसते ठिपके येतील. "आप करो तो सही," बाबा म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

फोटो आला. ठिपकेच. डोळे कुठले, नाक कुठलं, काही कळेना. बाबांनी तो खिळ्याला अडकवला आणि चष्मा कपाळावर चढवून, नाक लावून बघत राहिले. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या ना आता." ते ऐकेनात. मग एक पाऊल मागे आले, आणखी एक, पार समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

"इथून दिसते बघ," ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. खरंच, तिथून ती आई होती. तोंड किंचित उघडं, आम्हाला हाक मारत असलेली.

बाबांना राहवेना. ते पुढे झाले, आणि ती पुन्हा गेली.