जोंधळ्याच्या पानाचा रंग

आज शेजारी गेटला रंग देत होते, थिनरचा वास आला आणि मी सोलापुरातल्या आमच्या अंगणात जाऊन पोचले. सत्तरच्या दशकातलं ते माझ्या लग्नाचं पहिलं वर्ष. गिरणीत फिटर असलेल्या माझ्या नवऱ्यानं भंगारात निघालेली, उघड्या टपाची जुनी विलायती गाडी आणून दारात ठेवली होती. कामावरून आले की ते तिच्यातच गुंतायचे. इंजिन सुरू झालं, पत्रा ठोकून सरळ झाला, आणि एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"रंग कुठला लावायचा, सांग की."

सासरी तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला माहेरचं, मैंदर्गीचं आमचं रान आठवलं. मी हळूच म्हणाले, "जोंधळ्याच्या पानासारखा हिरवा?"

"असल्या रंगाची गाडी कुटं असती व्हय?" ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या.

"आता असंल की, आई," ते हसले.

डब्यात रंग कालवून ते पत्र्यावर पट्टे ओढत राहिले. प्रत्येक पट्ट्यानंतर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवून नाही म्हणायचे. मला गाडीत बसून फिरायची केवढी घाई झाली होती!

आता वाटतं, तो रंग लवकर जुळायलाच नको होता; प्रत्येक पट्ट्यानंतर ते असेच माझ्याकडे बघत राहिले असते.