आधी टाकीला

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. उरलेले तसेच तपासून टाकले, कारण उठायचं त्राणच नव्हतं. या वयात असा फोन आला की ‘आता कोण’ एवढंच मनात येतं. पण हा तर उभी नोकरी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस... न्यूमोनिया झाला, औषधं लागू पडेनात, आणि जन्मभर सूक्ष्मजीव शिकवणाऱ्याला त्यांनीच नेलं.

उत्तम सिल्लोडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. बजाजनगरच्या घरामागं त्यानं गोबरगॅसची टाकी बांधली तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली. जेवायला बोलवायचा, आणि आपण पाटावर बसलो की हा शेणात उष्टं-खरकटं कालवून बादली टाकीत ओतायला जायचा. “आधी टाकीला, मग आपल्याला.” आत शेण कुजवतात ते बॅक्टेरिया, पण त्यातून शेवटी जळणारा वायू करतात ते आर्किया, हा त्याचा लाडका विषय. दिसायला सारखेच, म्हणून शास्त्रज्ञांनीही कित्येक वर्षं त्यांना बॅक्टेरियातच मोजलं. पण त्यांच्या पेशीचं आवरण निराळ्याच घडणीचं, पेनिसिलिन त्यांना बाधत नाही, आणि आतली यंत्रणा काही बाबतींत बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जवळची. “पाव्हणेच हायेत आपले. लई लांबचे, पण पाव्हणे,” असं तो वर्गातही सांगायचा.

तेराव्यानंतर गेलो तर टाकी उपाशीच होती. शोभावहिनी म्हणाल्या, “भाऊजी, बुजवून टाकायची म्हणते मी. ह्या जंतूंनीच नेलं ह्यांना.” खरं सांगतो, मला बोलायचा कंटाळा आला होता. पण उत्तमची टाकी अशी नाहक आरोपानं जावी, हे सहन होईना. म्हटलं, वहिनी, ते फुप्फुसातले बॅक्टेरिया होते, दवाखान्यात तपासणीत सापडले होते. हे गॅस करणारे वेगळे. यांच्यातल्या एकानंही माणसाला आजारी पाडल्याचं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. उलट हवा लागली तर हेच मरतात बिचारे.

“मग त्यांना लागतं काय?”

“रोजचं खाणं. दुसरं काही नाही.”



परवा पुन्हा गेलो. शेगडी अजून धड पेटत नव्हती; उपाशी राहिलेली टाकी सावरायला वेळ घेते. वहिनींनी ताट वाढलं. मी हात लावणार तोच म्हणाल्या, “थांबा भाऊजी, आलेच मी.” मागच्या अंगणातून बादली ओतल्याचा आवाज आला. बादली धुऊन, पदराला हात पुसत त्या आत आल्या.

“हं. जेवा आता.”