यांचा बडग्या

आमचे हे महापौर झाले तेव्हा मोहल्ल्यानं पेढे वाटले, आणि पावसाळा सरायच्या आत त्याच मोहल्ल्यानं आमच्या खिडकीची काच फोडली. कारण एकच, दरवाजा. मोहल्ल्याच्या तोंडाशी भोसल्यांच्या काळचा दगडी दरवाजा होता, आणि कापडाच्या गाठी घेऊन गांधीबागेच्या बाजारात जाणारे ट्रक त्यात अडकायचे, म्हणून यांनी तो पाडायला काढला. यांचं दुकान गांधीबागेतच, म्हणून हे स्वतःच्या सोयीसाठी दरवाजा पाडून राहिले, असं लोक बोलू लागले. साफ खोटं. पण यांनी एकदा तरी कोणाला नीट समजावून सांगितलं असेल तर शपथ! महापौरकी तेव्हा एका वर्षाची, तेवढ्यात रस्ता रुंद करून दाखवायचा, हेच एक खूळ डोक्यात.

मी काही घाबरट बाई नव्हे. तरी त्या दिवसांत दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायची. यांना सांगितलं तर म्हणायचे, आपलेच लोक आहेत, काय करतात? अहो, आपलेच होते म्हणून तर भीती. परका दगड मारतो आणि निघून जातो. हे लोक समोरच्या घरात राहत होते आणि सकाळी नळावर भेटत होते.

त्यात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. गावातली इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचा मोठा पुतळा आणि तिच्यासोबत बडगे, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा राग त्याचे कागद-बांबूचे पुतळे. गावभर मिरवायचे आणि जाळायचे. बडग्याच्या अंगावर घालायला जुने कपडे घरोघरून मागतात. तशी समोरची बाई दरवर्षी आमच्याकडे यायची, यंदाही आली. खाली मान घालून म्हणाली, "वैनी, यंदा भाऊंचाच बडग्या हाय."

जित्या माणसाला जाळायचं, आणि त्यासाठी कपडे त्याच्या बायकोनं द्यायचे! मी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला आणि तिला तोंडाला येईल ते बोलले. आतून हे आले. महापौर झाले त्या दिवशी घातलेला बंद गळ्याचा कोट खुंटीवरून काढला आणि तिच्या हातात दिला. म्हणाले, दुसऱ्याचा घातला तर लोक मला ओळखणार कसे? मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही.

मिरवणुकीच्या दिवशी मी विनवण्या केल्या की घरात बसा. ऐकतील तर ते हे कसले. लहानपणापासून दरवर्षी बडग्या बांधणारा माणूस, निघाले. मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. वळणावरून पुतळा दिसला आणि मी कठडा घट्ट धरला. तोच कोट, तशीच मिशी. लोक ओरडत होते, "दरवाजा पाडणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!"

पुतळा मुद्दाम उंच केला होता. दरवाजाखालून जाताना महापौराला वाकावं लागावं, ही त्यांची गंमत. पण बांबू जाड बांधले, बडग्या वाकेना. कमानीत डोकं अडकलं. मागून रेटा, पुढून शिव्या, आणि त्या गर्दीत मला हे दिसले. डफ थांबला. कोणाच्या तरी हातात दगड होता, मला वरून दिसला. यांनी धोतर खोचलं, खांदा पुतळ्याच्या कमरेला लावला आणि त्याला एका कुशीवर कलवत कमानीखालून पार नेलं. मग हसू फुटलं, डफ वाजला, आणि लोक यांनाही सोबत घेऊन गेले.

ते परत येईपर्यंत मी देवापुढून उठले नाही. आले तेव्हा डोक्यावर राख होती. मी उंबरठ्यातच अडवलं. मसणातून आल्यासारखं वाटत होतं मला, आंघोळीशिवाय आत घेणार नव्हते. मागच्या अंगणात बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतू लागले. मला वाटलं, आता काहीतरी थट्टा करतील.

पण हे थरथरत होते. पाणी तर मी ऊन केलं होतं.

"काडी माह्या दोस्तानं लावली," ते म्हणाले. तो दोस्त म्हणजे समोरच्या बाईचा नवरा, यांच्यासोबत बडगे बांधत मोठा झालेला. "कोट पेटला तसं मी त्याच्याकडं पाह्यलं. तो हासून राहिला होता. मले भेव लागलं वं."

दुसऱ्या दिवशी महानगरपालिकेत जाऊन यांनी दरवाजा पाडायचं काम थांबवलं. पुढच्या वर्षी यांना कोणी महापौर केलं नाही. तो दरवाजा अजून उभा आहे.

पण त्या दिवशी अंगणात मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतके महिने मी देवाजवळ मागत होते की यांना थोडी तरी भीती वाटू दे. आता वाटली होती, आणि घरात न भिणारं कोणीच उरलं नव्हतं. मी यांच्या डोक्यावरची राख चोळून काढली आणि आणखी एक बादली आणायला गेले.