आडवं पडायचा हट्ट

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, कपाळभर विभूती लावतात, गळ्यात हार घालतात आणि तसंच बसलेलं मातीला नेतात. केजच्या डॉक्टरांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तपासलं आणि मला सांगितलं, "सपाट झोपवू नका. पाठीला उशा लावून बसतं झोपवा, दम कमी लागेल."

आप्पा स्टुलावरूनच उखडले. "मेल्यावर बसायचंच हाय की कायमचं. जित्तेपणी तरी आडवं पडू द्या!"

डॉक्टर हसले. मी हसलो नाही. आता कुणाच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या जाणार, ते मला दिसत होतं.

खरी गंमत अशी की, याच माणसानं कापडाच्या दुकानात जन्मभर बसूनच झोप काढली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लोडाला टेकून असे घोरायचे, की नाकावर माशी बसली तरी खबर नाही. तीच झोप डॉक्टरांनी सांगितली आणि लगेच मरणाची खूण झाली! मी चार उशा रचून टेकवायचो; माझी पाठ वळली की चारी उशा पलंगाखाली. विचारलं तर म्हणायचे, "घसरल्या." उशा घसरतात हे मला मान्य आहे. पण घसरून एकीवर एक नीट रचल्या जात नाहीत.

शेवटी दमानंच त्यांना बसवलं. एका सकाळी अंघोळ करून, विभूती लावून ते समोरच्या खोलीत भिंतीशी उशांना टेकले आणि त्यांचा डोळा लागला. नेमकी तेव्हाच धारूरची आत्या, त्यांची धाकटी बहीण, जीपमधून उतरून तब्येत बघायला आली. दारातून तिला दिसलं ते एवढंच: भिंत, विभूती, मिटलेले डोळे. आमच्या आत्याला विचारपूस करून रडायची सवय नाही. तिनं चपलांसकट आत येऊन ऊर बडवला. "माझ्या पाठीराख्या रं! मला न सांगताच गेलास रं!"

समोरचा पंक्चरवाला हातातला टायर टाकून धावत आला. दारात गर्दी झाली. आप्पांनी एक डोळा उघडला.

"कावून बोंबलतीस? आत्ताच डोळा लागलता."

आत्या शरमली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी आमची आत्या पाहिलेली नाही. "मग असं बसून कावून झोपलास? माणसासारखं झोपावं की!" ती त्यांच्यावरच कडाडली, दोन कप चहा प्याली आणि साखर कमी आहे म्हणून मलाही झापून गेली.

त्यानंतर आप्पांनी भिंतच सोडली. आठवडाभर हट्टानं सपाट झोपले. पाच मिनिटांत धापा टाकत उठायचे, ओठ काळेनिळे पडायचे, तरी उशी दाखवली की मान फिरवायचे. माझी चेष्टा तिथं संपली. मला भीती वाटत होती, आणि या माणसाचा रागही येत होता.

एका दुपारी दुकान बंद करून मी तिथली गादी आणि लोड उचलून घरी आणले. त्याच भिंतीशी गादी अंथरली, लोड लावला. "आप्पा, दुकानात बसा."

त्यांनी गादीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मीटरपट्टी कुठं हाय?"

लोखंडी मीटरपट्टी मांडीवर घेऊन ते टेकले आणि थोड्याच वेळात घोरायला लागले. पुढचे सगळे महिने ते तसेच झोपले. दुकानात मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो, आणि गिऱ्हाईकं विचारायची, दिवाळं निघालं का?

दसऱ्याच्या आधी आप्पा गेले. दवाखान्यात, उशांना टेकूनच. घरी आणून आम्ही त्यांना त्या भिंतीशी बसवलं, विभूती लावली, हार घातला. धारूरहून आत्या आली. सगळी गल्ली तिच्या हंबरड्याची वाट बघत होती. तिनं या वेळी दारात चपला काढल्या, भावासमोर येऊन बसली आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"आत्या, रड की," मी म्हणालो.

"थांब जरा," ती हळूच म्हणाली. "मागच्या बारीला लई फजिती केलती यानं."

मीही तिच्या शेजारी बसलो, आणि आम्ही दोघं आप्पांच्या डोळ्यांकडे बघत राहिलो.