पंचाचा चिंचोका

फोन वाजला तेव्हा मी नातीच्या मोबाइलमधला बेसबॉलचा गेम बघत होते. विचारलं, "कुणाच्या मागं कोण खेळणार, हे तू ठरवतेस का गं?" "छे आजी, ते कॉम्प्युटरवर सोडलंय. तोच लावतो." मला हसू आलं, मनात वन्सं आल्या. अन् फोनवर त्यांच्या सवतीचा मुलगा म्हणाला, "मामी, थोरली आई गेली..."

वन्सं म्हणजे माझी नणंद, कमल. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून माहेरी, बेंबळीला, येऊन राहिलेल्या. मी त्या दुष्काळात नवी नवरी. मॅट्रिक पास असल्याचा तोरा असा, की रिकामी घागरसुद्धा भरल्यासारखी मिरवायचे. टँकर येईस्तोवर रांगेतून हलायची सोय नव्हती. उठलं की नंबर गेला. मग आम्ही पुस्तकाच्या पानांचं क्रिकेट खेळायचो. जुना भूगोल घ्यायचा, पान उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा तेवढ्या धावा, शून्य आलं की आऊट. संघ घरचाच : सासरे, सासूबाई, गल्लीतला शिंपी, आमची म्हैस. मी माझा संघ डोकं लावून रचायचे. आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, कायम सलामीला, अन् हे कायम शून्यावर! वन्सं मात्र खुणा केलेले चिंचोके लोट्यात हलवून एकेक काढायच्या. निघेल तो खेळायला. त्यांची म्हैस एकदा शतक ठोकून गेली.

"वन्सं, जरा आपली अक्कल चालवा की."

"घरात चालती का माझी? मग हितं कशाला झिजवू? चिंचोक्याला कुणाची भीड न्हाय, वहिनी."

"अन् तुमचा चिंचोका कुठंय?"

"मी पंच."

त्याच उन्हाळ्यात गावात दूध सोसायटी निघाली. दूध मापायला बाई हवी होती, अन् वन्संचं मन तिथं बसलं. तेवढ्यात सासरचा निरोप आला : धाकटीला दिवस गेलेत, पाणी लांबून आणावं लागतं, कमलला पाठवा. सासूबाईंनी लगेच बोचकं काढलं. रांगेत वन्सं म्हणाल्या, "लोटा सांगंल तसं. कुंकवाचा ठिपका निघाला तर जायचं, चुन्याचा निघाला तर ऱ्हायचं." ठिपके लावायचं काम माझ्याकडं. मी लई शहाणी, दोन्हींवर चुनाच लावला! चुना निघाला. वन्संचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सोडवलंच आपण यांना. त्या तडक घरी जाऊन आईसमोर उभ्या राहिल्या.

"आई, मी जात न्हाय. चिंचोका न्हाय म्हणला."

सासूबाईंनी पिठाचे हात झटकले. "चिंचोका म्हणला व्हय? मग त्याचीच भाकर खा." अन् बोचक्याला गाठ मारली.

जशा काही सासूबाई आमच्या नियमानं खेळणार होत्या! आमची मॅट्रिक पास दाराआड, तोंडात पदराचा बोळा...

एसटीत चढताना वन्संनी लोटा माझ्या हातात दिला. "दोन्ही चुन्याचेच होते न्हवं? पंचाला दिसतं, वहिनी."

पुढं भेट व्हायची ती तुळजापुरात, नवरात्राच्या गर्दीत. सवतीची लेकरं त्यांनीच वाढवली, तिथल्या पाण्याच्या रांगाही त्यांच्याच वाट्याला. बऱ्या आहात का, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. त्याच विचारायच्या, "आपली म्हैस अजून नाबाद हाय न्हवं?"

लोटा अजून माझ्या फळीवर आहे. परवा एक कोरा चिंचोका दगडावर घासून पांढरा केला. वन्संचा. लोट्यात टाकला नाही. माझ्या हातानं, सगळ्यांच्या आधी, सलामीला मांडला. नातीचं पुस्तक घेतलं, पान उघडलं... अन् आकड्यावर अंगठा ठेवून तसंच मिटलं.